पृष्ठभागाचा कारभार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गृहस्थ परळच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, मराठेशाहीच्या दप्तरांवर, नाट्यसंगीतावर आणि अर्थकारणावरदेखील उत्तमोत्तम व्याख्याने झाली असली, तरी ज्या विद्येवर त्यांनी आपला चरितार्थ चालविला तिच्यावर एकही झाले नाही, ही गोष्ट चालकांच्या ध्यानी आणून देण्याचे धार्ष्ट्य मी केले, आणि त्याचा दंड म्हणून आज आपल्यापुढे उभा आहे. दोन पृष्ठे एकमेकांवर सरकत असता होणारे घर्षण, त्या घर्षणातून होणारी झीज, आणि हवा, पाणी व मीठ यांच्या संगतीने धातूला चढणारा गंज, या तिहींना मनुष्याने कसे आवरले हा माझा विषय. तो सांगताना मला लालबाग, परळ, दादर आणि गिरगाव यांच्या बाहेर फारसे जावे लागणार नाही. कारण खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, लक्षावधी चात्या आणि रात्रीच्या थोड्या तासांखेरीज कधी न थांबणाऱ्या लोकलगाड्या ज्या एका अरुंद बेटावर एकत्र आल्या, त्या बेटाहून या विद्येला योग्य अशी दुसरी शाळा मिळणे कठीण.

माझे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. वस्तूचे बळ तिच्या गाभ्यात असते, परंतु तिचे आयुष्य तिच्या पृष्ठभागावर ठरते. आणि पृष्ठभाग राखणे हा एक कायमचा कारभार आहे, ज्याला सालोसाल तरतूद लागते, देखरेख लागते, आणि रोज जाऊन पाहणारा एक माणूस लागतो. त्या माणसाचे नाव या शहराने आजवर हजेरीपटाच्या तळाशीच लिहिले.

अशांपैकी पहिला माणूस गिरगावातील वाडीच्या तोंडाशी येऊन बसत असे. जमिनीत वीतभर खळगा खणून, भाता लावून, कोळसे फुलवून तो भांडे तापवी. आत नवसागराची पूड टाकी, कथलाची कांडी तापल्या तळावर टेकवी, आणि कापसाच्या बोळ्याने चपळाईने फिरवून क्षणार्धात काळ्या पातेल्याला चांदीचे रूप देई. त्या वेळी उठणारा पांढरा, नाकाला झोंबणारा धूर आठवणारी मंडळी या सभागृहात पुष्कळ असतील. परंतु त्या धुरात काय घडत होते याचा विचार आपण क्वचितच केला असेल. तांब्यावर किंवा पितळेवर भस्माचा पातळ थर असेल तोवर कथील त्याला धरत नाही. नवसागर तापला की त्यातून अमोनिया आणि लवणाम्लाचा वायू मुक्त होतो, तो हा थर विरघळवून धातू उघडा करतो, आणि २३२ अंशांना वितळणारे कथील १०८५ अंशांपर्यंत न वितळणाऱ्या तांब्याशी नुसते चिकटत नाही, तर दोहोंच्या सीमेवर दोघांचे मिळून एक नवेच संयुग तयार होते. रंग खरवडता येतो. कल्हई अशी सहजासहजी खरवडून जात नाही, याचे कारण हे संयुग.

मुळात हा खटाटोप करावयाचा का? कारण उष्णता झटकन सर्वत्र पोचविण्यात तांब्यापितळेची बरोबरी करणारा दुसरा धातू स्वयंपाकघराच्या आवाक्यात नव्हता, आणि आमसुलाचे सार किंवा ताकाची कढी तांब्यापितळेच्या संगतीत ठेवली तर ती कळकते, म्हणजे आम्लाने तांबे विरघळून अन्नात उतरते. कथील आम्लाला पुष्कळ अंशी दाद देत नाही, परंतु ते इतके मऊ आणि लवकर वितळणारे आहे की निव्वळ कथलाचे पातेले चुलीवर ठेवणे शक्य नाही. एका द्रव्याने उष्णतेचे काम करावे, दुसऱ्याने आम्लाशी झुंजावे, आणि हे दुसरे द्रव्य केसाहूनही पातळ असले तरी चालावे, ही सारी युक्ती वाडीच्या तोंडाशी बसलेल्या त्या माणसाच्या हातात होती. आज विद्यापीठांतून पृष्ठ-अभियांत्रिकी या भारदस्त नावाने जी विद्या शिकवितात तिचे पहिले सूत्र हेच आहे. कल्हई झिजे, म्हणून तो काही महिन्यांनी पुन्हा येई. त्याचे येणे हा देखभालीचाच भाग होता, आणि घरच्या गृहिणीने तो जमाखर्चात धरलेला असे.

पुढे बेगंज पोलाद आले. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली लोखंडात क्रोमियम मिसळून जे पोलाद ओतले, त्याचे वंशज आपल्या घरी जुन्या जरीच्या साड्यांच्या मोबदल्यात बोहारणीच्या टोपलीतून आले, हा औद्योगिक इतिहासाचा एक अध्याय कुणीतरी लिहावयास हवा. लोखंडात क्रोमियमचे प्रमाण शेकडा साडेदहाच्या वर गेले की पृष्ठावर क्रोमियमच्या भस्माचा एक थर आपोआप जमतो. तो मिलिमीटरच्या दोन-तीन दशलक्षांश इतका पातळ असतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि ओरखडा पडला तर हवेतील प्राणवायू घेऊन स्वतःच भरून येतो. कल्हईवाल्याचे काम असे भांड्याच्याच अंगी आले, आणि तो वाडीतून नाहीसा झाला. मात्र ही किमया मिठापुढे लटकी पडते. समुद्राच्या फवाऱ्यातील क्लोराइड त्या थराला जागोजाग भोके पाडते, म्हणून चौपाटीच्या बाजूच्या इमारतींवर मोठ्या हौसेने बसविलेले चकचकीत कठडे दोन-तीन पावसाळ्यांतच तपकिरी डागांनी भरून जातात. त्या जागी थोडे मॉलिब्डेनम घातलेले, म्हणून महाग, असे पोलाद वापरावे लागते. पण निविदा सर्वांत कमी रकमेची मंजूर होते. दिल्लीच्या लोहस्तंभाची कथा मी आज मुद्दामच सांगत नाही. त्याच्या लोखंडात स्फुरदाचा अंश मोठा आहे आणि दिल्लीची हवा बरीच कोरडी आहे, ही दोन्ही कारणे ध्यानी घेता तो स्तंभ आपल्या पूर्वजांनी शिवडीच्या खाडीकाठी उभारला नाही, यातही त्यांचे शहाणपण म्हटले पाहिजे.

गंज हा नेहमीच शत्रू असतो असेही नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या कारागिरांनी सागवानी जहाजे बांधली, त्यांतील १८१७ साली पाण्यात सोडलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूल येथे अद्याप जतन करून ठेवलेले आहे. त्या काळच्या लढाऊ जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे मारीत, म्हणजे लाकूड पोखरणारे किडे आत शिरत नसत आणि शंखशिंपले तळाला धरत नसत. तांबे समुद्रात हळूहळू विरघळते याचे दुःख होऊन सर हम्फ्री डेव्हीने १८२४ साली त्या पत्र्यांना लोखंडाचे तुकडे जोडले. लोखंड स्वतः गळून गेले, तांबे शाबूत राहिले, प्रयोग पूर्णतः यशस्वी झाला. पण तांबे विरघळेनासे होताच त्याचा विषारी अंशही पाण्यात उतरेनासा झाला, आणि शंखशिंपल्यांनी जहाजाचा तळ व्यापून त्याचा वेग घालविला. पृष्ठभागावर एक गोष्ट दुरुस्त केली तर दुसरी कोणती बिघडते हे आधी पाहावे, हा धडा या धंद्याला तेव्हा मिळाला. डेव्हीची युक्ती मात्र फुकट गेली नाही: आपल्या चाळींवरील जस्ताचे पत्रे आणि मोरीतील जस्ताची बादली ही तिचीच रूपे होत, कारण पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडे पडले तरी शेजारचे जस्त आधी स्वतः विरघळते आणि लोखंडाला वाचविते.

आता घर्षणाकडे वळू. इ. स. १६९९ मध्ये फ्रान्सच्या गिलोम आमोंतोंने असे दाखविले की घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, परंतु पृष्ठे किती विस्ताराची आहेत यावर अवलंबून नसते. हा नियम सामान्य बुद्धीला विपरीत वाटतो, आणि त्याचा उलगडा होण्यास अडीचशे वर्षे लागली. केंब्रिजच्या बोडन आणि टेबर यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिद्ध केले की आरशासारखे घासलेले पोलादही सूक्ष्म दृष्टीला डोंगराळ मुलुखच असते, आणि दोन पृष्ठे केवळ शिखरांशी टेकतात. मऊ पोलादावर एक किलोग्रॅम भार ठेवला तर खरा स्पर्श मिलिमीटर वर्गाच्या एक शतांशाहूनही कमी जागेत होतो. तेवढ्याच जागेत सर्व भार एकवटतो, शिखरे एकमेकांना अक्षरशः डकतात, आणि पुढे सरकताना ती तुटतात, त्या तुटण्याला आपण झीज म्हणतो. एवढे कळल्यावर उपाय तीनच उरतात: शिखरे कठीण करावी, त्यांच्यामध्ये सहज तुटणारे मऊ द्रव्य घालावे, किंवा त्यांना एकमेकांना भेटूच देऊ नये.

परळच्या रेल्वे कारखान्यात, म्हणजे १८७९ पासून जी. आय. पी. रेल्वेची इंजिने जेथे दुरुस्त होत आली त्या ठिकाणी, हे तीनही उपाय एकाच छपराखाली चालत. जुन्या डब्यांच्या ॲक्सलबॉक्समध्ये पितळी बेअरिंगला आतून पांढऱ्या धातूचे अस्तर ओतीत. त्यातील कथलाच्या मऊ मातीत अँटिमनीचे कठीण कण रुतलेले असत, कठीण कणांनी भार पेलावा आणि मऊ भागाने वाकडेपणा व कचरा पोटात घालावा अशी ती वाटणी होती. फिटर ते अस्तर निळा रंग लावून, पुन्हा पुन्हा बसवून, उंचवटा दिसेल तेथे स्क्रेपरने खरवडून तयार करी. पृष्ठभागाशी मनुष्याच्या बोटांचे नाते याहून निकटचे मी कोठे पाहिले नाही. तेल आटले की ॲक्सल तापे, अस्तर वितळे, आणि गाडी वाटेत उभी राही.

या बेअरिंगांनीच शास्त्रालाही एक चमत्कार दाखविला. लंडनमध्ये १८८३ साली बोशँप टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत असता, त्याने बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी भोक पाडले. तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी गुडदी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. फिरता दांडा आपल्याबरोबर तेल ओढून नेतो, निमुळत्या फटीत ते दाबले जाते, आणि त्या दाबाने सगळा भार उचलून धरला जातो, दोन धातू एकमेकांना स्पर्शही करीत नाहीत, हे गणित तीन वर्षांनी ऑसबर्न रेनॉल्ड्सने मांडले.

परंतु घर्षण नाहीसे करणे हेच सर्वस्व मानणाऱ्यांनी दादरच्या पुलावर उभे राहून खाली पाहावे. लोकलच्या एका चाकाचा रुळाशी होणारा स्पर्श जेमतेम चौरस सेंटिमीटरभर असतो, आणि गर्दीची सारी गाडी थांबते ती अशा मूठभर स्पर्शांच्या जिवावर. रूळ कोरडा असेल तर भाराच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाएवढे घर्षण मिळते. पहिल्या पावसाच्या चिकट ओलीने ते दहाव्या हिश्शाच्या खाली उतरू शकते, म्हणून इंजिनावर वाळूची पेटी ठेवतात. तेच चाक वळणावर कडेने रुळाला घासते तेथे मात्र घर्षण नको असते, म्हणून तेथे वंगण. एकाच चाकाच्या दोन बाजूंस दोन विरुद्ध हुकूम, आणि वंगण दोन बोटे सरकून माथ्यावर आले तर ब्रेकची फजिती.

आता ज्या जागेविषयी बोलण्यासाठी मी मुख्यतः येथे आलो, तिच्याकडे येतो. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये चालू झाली, आणि पुढे लालबाग-परळच्या परिसराला गिरणगाव हे नाव पडले, ही माहिती आपणांस मुखोद्गत आहे. गिरणीविषयी आपण संप, मजुरी, चाळी आणि कामगार चळवळ यांच्या अनुषंगाने विपुल लिहिले आहे, आणि ते योग्यच झाले. रिंग खात्यातील एका कड्यावर मात्र कुणी लिहिले नाही. कापसाचा पेळू ओढून त्याला पीळ द्यावयाचा आणि सूत बॉबिनवर गुंडाळावयाचे ही दोन्ही कामे एकदम होतात ती पोलादी कड्यावर धावणाऱ्या एका इवल्याशा आकड्यामुळे, ज्याला ट्रॅव्हलर म्हणतात. त्याचे वजन एका ग्रॅमच्या लहानशा अंशाइतकेच असते. चाती मिनिटाला बारा हजार फेरे घेत असेल आणि कड्याचा व्यास पंचेचाळीस मिलिमीटर असेल, तर हा आकडा सेकंदाला अठ्ठावीस मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटर वेगाने त्या कड्याला घासत जातो, आणि असे शेकडो आकडे एकाच साच्यावर पाळीभर धावत असतात. बाहेरून वाटे की सूत गरगर फिरते आहे. प्रत्यक्षात तेथे पोलादाशी पोलादाची अविरत झटापट चाललेली असे.

नवलाची गोष्ट ही की आधुनिक साच्यावर या झटापटीत तेलाचा थेंब घालावयाचा नसतो, कारण त्याने सूत डागाळेल. वंगण पुरवितो तो कापूसच. तंतूंवर निसर्गतः मेणाचा अंश असतो. सुतातून निसटलेले सूक्ष्म तंतू ट्रॅव्हलर आणि कडे यांच्यामध्ये चिरडले जातात, आणि त्यांचा एक पातळ लेप कड्यावर बसतो. हा लेप बसेपर्यंत नवे कडे पूर्ण वेगाने चालवता येत नाही. आधी कमी वेगाने, आणि आकडे लवकर लवकर बदलून, त्याला वळण लावावे लागते. ज्यांनी ही गोष्ट प्रथम अनुभवाने ओळखली त्यांना शिखरे आणि दऱ्यांची उपपत्ती ठाऊक नव्हती. नवे कडे ‘बसले’ की नाही हे त्यांना साच्याच्या आवाजावरून कळे. कडे कठीण आणि ट्रॅव्हलर त्याहून किंचित मऊ, हा क्रमही हेतुपूर्वक ठेवलेला आहे: झिजावयाचेच तर स्वस्त आणि काही दिवसांनी टाकून देता येईल असे जे आहे ते झिजावे, महाग कडे वाचावे. पुढे कड्यांवर कठीण क्रोमचा मुलामा आणि ट्रॅव्हलरवर निकेलासारखे मुलामे आले, आणि चातीचा वेग वाढला तो बव्हंशी या मुलाम्यांच्या बळावर. कारण साचा कितीही मजबूत केला तरी वेगाची मर्यादा अखेर त्या आकड्याच्या जळण्याने ठरते.

साच्याच्या बाकीच्या अंगाला मात्र तेल लागे, आणि ते घालणाऱ्या माणसास तेलवाला म्हणत. जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, दरारा होता, विणकराला मान होता. तेलवाला पाळीभर हातात डबा घेऊन, चालू पट्ट्यांच्या मधून वाकत, चातीचे बूड आणि रोलरचे टोक शोधीत फिरे. त्याची एक फेरी चुकली तर त्या दिवशी काहीच होत नसे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी चाती थरथरू लागून सूत तुटू लागे, तेव्हा दोष कापसाला दिला जाई. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवीत, तोच दमटपणा लोखंडाला खाई. एका पृष्ठाचे हित दुसऱ्याचे अहित, ही डेव्हीची अडचण येथेही होतीच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात गिरण्या थांबल्या. थांबलेल्या यंत्राचे शत्रू बदलतात: झीज संपते आणि गंज सुरू होतो, आणि खाडीच्या हवेत, तेलाचा हात न फिरता उभी राहिलेली पोलादी कडी पुन्हा पूर्वीच्या वेगाने चालविण्याजोगी राहत नाहीत. पुढे अनेक गिरण्यांतील साचे भंगाराच्या भावाने, म्हणजे वजनावर, विकले गेले. वजन गाभ्याचे असते. जी किंमत होती ती पृष्ठावर होती, आणि ती तोवर गेली होती.

याच शहराने गंजाचा आणखी एक प्रकार पाहिला, जो हवेने किंवा मिठाने येत नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला विजेची पहिली गाडी गेली ती दीड हजार व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. तारेतून आलेला प्रवाह रुळांवाटे परत जावयाचा असतो. परंतु त्याला वाट दाखविणारा कुणी नसल्यामुळे त्यातील काही भाग जमिनीत झिरपतो, वाटेत पाण्याचा लोखंडी नळ सापडला तर त्यातून जातो, आणि जेथे नळ सोडून पुन्हा मातीत उतरतो तेथे लोखंड सोबत घेऊन उतरतो. फॅरडेच्या नियमाने हिशेब केला तर अवघा एक अँपियर प्रवाह वर्षभर असा निसटत राहिला, तर सुमारे नऊ किलो लोखंड विरघळते. रस्ता खणून नळ वर काढावा तेव्हा त्याला एकाच बाजूने, टोचल्यासारखी भोके असावयाची, आणि हे कोणत्या खात्याच्या माथी मारावे याबद्दल दोन दप्तरांत लिखापढी चालावयाची. उपनगरी मार्गांवरील हा एकदिश प्रवाह २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने जाऊन पंचवीस हजार व्होल्टचा उलटसुलट प्रवाह आला, तेव्हा या उपद्रवाचे मूळच बरेचसे उपटले गेले.

आधुनिक प्रक्रियांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्या आता कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळतात. मऊ पोलादाच्या पृष्ठात कर्ब मुरवून वरचे कवच तेवढे कठीण करणे, तेच काम सुमारे पाचशे अंशांवर नत्रवायूने करणे, वितळलेल्या धातूचा किंवा मृत्तिकाद्रव्याचा फवारा मारणे, आणि निर्वातात टायटेनियम नायट्राइडचा दोन-चार सहस्रांश मिलिमीटर जाडीचा सोनेरी लेप देणे, हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. लोहार चाळीच्या बाजारात मिळणारे सोनेरी ड्रिल दागिन्यासारखे दिसते ते या लेपामुळे. रंगाची विद्याही याच घराण्यातील. १९३३ साली निघालेल्या, आता माटुंग्याला असलेल्या आणि पूर्वी यू. डी. सी. टी. म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत बहुवारिके आणि पृष्ठ-अभियांत्रिकी यांचा आज स्वतंत्र विभाग आहे. आणि १९४२ साली चार मित्रांनी फोरास रोडवरील एका गॅरेजात सुरू केलेला रंगाचा धंदा पुढे ‘एशियन पेंट्स’ या नावाने देशभर पसरला. लोक रंग शोभेसाठी लावतात. लोखंडाच्या दृष्टीने तो पाणी आणि प्राणवायू यांना दारातच अडविणारा पहारेकरी आहे.

पैशाचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण प्रशासनाला दुसरी भाषा कळत नाही. ब्रिटिश सरकारसाठी पीटर जोस्ट यांच्या समितीने १९६६ साली जो अहवाल दिला, त्यात घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिले तर त्या एका देशात दर वर्षी ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील असा अंदाज होता. गंजाविषयी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने जगाचे वार्षिक नुकसान अडीच लाख कोटी डॉलर, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या शेकडा ३.४, असे काढले. असे आकडे वाचून सर्वजण मान डोलावतात, आणि पुढच्या अंदाजपत्रकात रंगरंगोटी व वंगण या सदरांना पहिली कात्री लागते. याचे कारण मला असे दिसते की नवी वस्तू घेतल्याचा समारंभ करता येतो, उद्घाटनाची कोनशिला बसविता येते. न गंजलेल्या तुळईचे उद्घाटन कुणी करीत नाही.

आणि म्हणून अखेरीस, जे आज या भागातील कित्येक कुटुंबांच्या दारात येऊन ठेपले आहे त्याविषयी एक व्यवहाराची गोष्ट. वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात सिमेंट काँक्रीटच्या बांधल्या, आणि आता त्यांतील बहुतेकांच्या जागी उंच मनोरे येत आहेत. काँक्रीटमधील सळई गंजत नाही याचे कारण ओल्या सिमेंटचा तीव्र अल्कधर्म, ज्यामुळे पोलादावर बेगंज पोलादासारखाच एक रक्षक थर बसतो. हवेतील कर्बवायू आणि समुद्राचे मीठ बाहेरून हळूहळू आत येतात. ते सळईपर्यंत पोचले की थर मोडतो, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत फुगतो, आणि छताचे पोपडे पडू लागतात. कर्बवायूला आत यावयास लागणारा काळ सळईवरील आच्छादनाच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे वीस मिलिमीटरऐवजी चाळीस ठेवले तर तो दुप्पट न होता सुमारे चौपट होतो. भारतीय मानक ४५६ मध्ये सौम्य परिस्थितीला वीस, तीव्र परिस्थितीला पंचेचाळीस आणि अतितीव्र परिस्थितीला पन्नास मिलिमीटर आच्छादन सांगितले आहे. ते राखण्यासाठी सळईखाली जे लहानसे कव्हर ब्लॉक ठेवतात ते ओतकामाच्या घाईत सरकले, किंवा ठेवलेच नाहीत, तर वरून गिलावा झाल्यावर कुणालाही दिसत नाही. परंतु भिंत न फोडता सळईची खोली मोजणारे उपकरण मिळते, आणि ती मोजणी एका दिवसाचे काम आहे. नव्या घराचा ताबा घेताना नळ, पंखे आणि फरशी तपासून सही करण्यापूर्वी त्या मोजणीचा कागद रहिवाशांनी विकासकाकडे लेखी मागावा, आणि समुद्राकडच्या बाजूचे आकडे वेगळे दाखवावयास सांगावे.